नाकाचा कॅन्सर, शेक आणि शेजारचा डोळा

पुण्यात थंडी सुरू झाली की अर्धी सोसायटी शिंकत असते आणि उरलेली अर्धी वाफ घेत असते, त्यामुळे नाक चोंदलं तर कुणी फारसं मनावर घेत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण एकाच बाजूचं नाक महिनोन्महिने बंद, त्याच बाजूने मधूनच रक्त, गाल बधिर, वरचे दात उगाच हलतायत, असं असेल तर वाफ बास करा आणि ईएनटीकडून दुर्बिणीने तपासून घ्या. नाकाचा-सायनसचा कॅन्सर तसा दुर्मिळ, वर्षाला लाखात एकापेक्षा कमी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दिवसभर भुशात काम करणाऱ्यांनी मात्र जरा जास्त लक्ष द्यावं, लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे हे आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, १९९५ सालीच जाहीर केलंय.

ट्रीटमेंट बहुतेकदा आधी ऑपरेशन, मग रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा शेक. ऑपरेशननंतर साधारण ६० ते ६६ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) लागतात, रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. आणि शेजारून जाणारी डोळ्याची नस सोसते साधारण ५४-५५ ग्रेपर्यंत, डोळ्याच्या लेन्सला तर १० ग्रेच्या आसपाससुद्धा मोतीबिंदू व्हायला पुरतात. सगळी गोची इथेच आहे, मध्ये काही ठिकाणी फक्त एक पातळ हाड असतं.

पूर्वी दोन-तीन बाजूंनी सरळ बीम मारायचे, कॅन्सर आटोक्यात यायचा पण काहींची त्या बाजूची नजर जायची. आता आयएमआरटी नावाच्या शेकाच्या पद्धतीत मशीनमधल्या धातूच्या बारीक पट्ट्या सरकत राहतात, बऱ्याच कोनांतून कमी-जास्त किरण येतात आणि काही मिलिमीटरमध्ये डोस झपकन उतरतो. तरीही गाठ नसेलाच चिकटलेली असेल तर तिथला डोस कमी करायचा की नजरेचा धोका पत्करायचा हे ठरवावंच लागतं, आणि माझ्या मते हा प्रश्न पेशंटला आधीच, समोर बसवून विचारायला हवा.

मिलिमीटरचा हिशोब म्हटल्यावर डोकं हलून चालत नाही. म्हणून मास्क. प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली की मऊ पडते, ती ओली-कोमट असतानाच चेहऱ्यावर ओढून कडेने टेबलाला अडकवतात, आणि थोड्या वेळात ती तुमच्याच नाक-हनुवटीच्या आकारात कडक होते. मग रोज तोच मास्क घालून झोपायचं. बंद जागेची भीती असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका.

नेहमीच्या एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांनी शेक देतात त्याचं वेगळं आहे, हे कण ठराविक खोलीवर जाऊन थांबतात, त्यामुळे पलीकडे डोस जवळजवळ जातच नाही. चेन्नईत अपोलोमध्ये ही सोय २०१९ला आली, टाटाच्या खारघर सेंटरला २०२३मध्ये. पुण्याहून खारघर लांब नाही हो, पण रोजचा शेक म्हटल्यावर तिकडेच मुक्काम आला, आणि प्रत्येकाला प्रोटॉन लागतातच असंही नाही.

शेक सुरू व्हायच्या आधी डेंटिस्टकडे जाऊन किडके दात काढून घ्यायचे, कारण शेकलेल्या जबड्याची जखम नंतर लवकर भरत नाही. मधल्या आठवड्यांत तोंड येतं, चव जाते, नाकात खपल्या धरतात, त्यासाठी मिठाच्या पाण्याने नाक धुणं पुढे कित्येक महिने चालू ठेवावं लागतं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, पिट्युटरी ग्रंथी इथून जवळच आहे, तिच्यापर्यंत डोस गेला असेल तर काही वर्षांनीसुद्धा हार्मोन कमी पडू शकतात, तेव्हा फॉलोअपला दुर्बीण आणि डोळे तपासताना थायरॉइड-कॉर्टिसॉलची रक्त तपासणी करायची का तेही डॉक्टरांना विचारा.