महास्नानगृह गळत का नव्हतं?

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला, मोहेंजोदडोचं महास्नानगृह म्हणजे जगातला पहिला स्विमिंग पूल, तिथलं पाणी मंत्रांनी शुद्ध व्हायचं वगैरे. सिंधू लिपी अजून कोणालाच नीट वाचता आलेली नाही, मग ह्यांनी मंत्र कुठून वाचला कोण जाणे. खरं तर पवित्र होण्यासाठी अंघोळ करायचं ते ठिकाण होतं हाही अंदाजच. पण पटण्यासारखा, कारण शहरात शेकडो विहिरी, घरोघरी न्हाणीघरं, मग उंच जागी एवढं मोठं कुंड नुसतं अंग धुवायला कोण बांधेल?

मला वेड आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या काकूंच्या सिलिंगला उतरतंय त्याला दोन वर्षं झाली, दोनदा वॉटरप्रूफिंग झालं, काकूंनी आता बादली तिथेच कायमची ठेवलीय. आणि इथे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं कुंड, १२ मीटर लांब, ७ रुंद, २.४ खोल, म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजारवाले वीस टँकर!

वीट म्हणजे बारीक छिद्रांचा स्पंज. शाळेत केशाकर्षण शिकलो ते हेच, नळी जितकी बारीक तितकं पाणी वर चढतं. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत जेमतेम ३ सेंटिमीटर, पण व्यास शंभरपट कमी केला की हिशोबाने ३ मीटर, कारण पृष्ठताणाची ओढ नळीच्या परिघाबरोबर कमी होते पण उचलायचं वजन क्षेत्रफळाबरोबर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाने कमी होतं. त्या लोकांनी विटा अगदी चिकटून बसवल्या, सांधे जिप्समने भरले. पण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला दोनेक ग्रॅम, त्यामुळे तेवढ्यावर भागलं नसतं. म्हणून भिंतीच्या मागे सुमारे इंचभर जाडीचा नैसर्गिक डांबराचा थर. डांबर म्हणजे हायड्रोकार्बन, तेलाच्याच जातीचं, पाण्याच्या रेणूंना त्याला चिकटायला काही मिळतच नाही, पाणी पसरण्याऐवजी थेंब धरतं, आणि जिथे पाणी चिकटत नाही तिथे केशाकर्षण पाणी ओढत नाही, उलट ढकलतं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने पांढरी पावडर फासली होती, असो.

गंमत म्हणजे (गंमत कसली) आज मोहेंजोदडो खातंय ते हेच केशाकर्षण. १९३२ मध्ये सिंधू नदीवर सक्कर बॅरेज, म्हणजे मोठा बंधारा, झालं, कालवे आले, भातशेती वाढली, जमिनीखालचं पाणी वर आलं आणि विटांमधून वर चढायला लागलं, सोबत क्षार. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो ना, तेच. त्यात सोडियम सल्फेट फार वाईट. उन्हाच्या तापात ते कोरडं असतं, हवा गार आणि दमट झाली की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरून बसतं आणि साधारण चौपट फुगतं. छिद्राच्या आत फुगल्यावर वीट काय करणार, पोपडे सुटतात, मग भुगा.

त्यावर तिथे चिखलाचा लेप देतात. मीठ विटेऐवजी लेपात येऊन फुटतं, मग लेप खरवडायचा, नवा लावायचा. उटणंच म्हणा, फक्त भिंतीचं.