माहितीपर लेखनाची मांडणी ओळखणे

माहितीपर लेखनाची मांडणी ओळखणे : लेख, पाठ, अहवाल, पत्रक किंवा बातमी वाचताना तिच्यातील गोष्टी कोणत्या नात्याने एकमेकींशी जोडल्या आहेत, हे ध्यानात घेत वाचण्याची रीत. मजकूर कशाबद्दल आहे हे कळणे वेगळे आणि तो कसा रचला आहे हे कळणे वेगळे. ‘केळीवरील करपा’ या मथळ्यावरून विषय कळतो; पण खाली रोगाची लक्षणे दिली आहेत, तो पसरण्याची कारणे दिली आहेत की दोन औषधांची तुलना केली आहे, हे मथळा सांगत नाही. ते वाक्यावाक्यांच्या सांध्यांतून शोधावे लागते. कथेत ‘पुढे काय झाले’ हा धागा वाचकाला ओढून नेतो. माहितीपर लेखनात असा तयार धागा नसतो, म्हणून सांधे ओळखण्याची सवय मुद्दाम लावावी लागते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेतील संशोधक बॉनी मेयर यांनी १९७५ मध्ये गद्याची रचना आणि वाचकाची स्मृती यांचा संबंध मांडला. पुढे १९८० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह नववीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. लेखकाचा मुख्य आराखडा धरून आठवणाऱ्या मुलांना मजकूर अधिक आठवतो, असे त्यात दिसले. मधल्या काळात, १९७८ मध्ये, मानसशास्त्रज्ञ किंच आणि भाषाशास्त्रज्ञ व्हान डाइक यांनी दाखवले की वाचक शब्द जसेच्या तसे साठवत नाही. वाचता वाचता त्यांतून एक मोठा आशय बांधत जातो. त्या बांधणीला आधार लागतो, तो मांडणीचा. शिकवताना मांडणीचे साधारण पाच प्रकार मानतात : वर्णन, क्रम, कार्यकारण, तुलना आणि समस्या-उपाय.

खानदेशातील फड पद्धत घेतली, तर हे पाचही प्रकार एकाच विषयावर दाखवता येतात. पांझरा नदीवर बंधारे घालायचे, पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, अशी ही जुनी सामुदायिक सिंचनपद्धत. बंधारा, पाट, चारी, फड, पाटकरी (पाणी वाटणारा), जागल्या (राखणदार) यांची एकेक करून ओळख करून दिली की ते वर्णन. पाणी नदीतून निघून शेवटच्या वाफ्यापर्यंत कसे पोहोचते ते सांगितले की क्रम. फडात एकच पीक असल्याने सगळ्या शेतांना पाणी एकाच सुमारास लागते आणि वाटप सोपे जाते, हे कार्यकारण. विहिरीवरच्या बागायतीशी ताडून पाहिले की तुलना. आणि ‘नदीचे पाणी उन्हाळ्याकडे आटत जाते, मग उसाला किती जमीन द्यायची?’ येथून सुरुवात करून फडांची आलटापालट सांगितली, की समस्या-उपाय. विषय तोच, तपशीलही बरेचसे तेच. पण वर्णन वाचून फडाचे भाग पाठ होतात. फड इतकी वर्षे का टिकला, ते कार्यकारणाच्या मांडणीतूनच कळते.

प्रत्यक्षात कोणताही मोठा मजकूर एकाच साच्यात बसत नाही. त्याचा मुख्य आराखडा एक असतो आणि परिच्छेदांचे आराखडे वेगळे. १८८० मध्ये निघालेले खानदेश जिल्ह्याचे गॅझेटिअर याचे चांगले उदाहरण आहे. भूवर्णन, लोकसंख्या, शेती, व्यापार अशी प्रकरणे पाडलेला तो ग्रंथ मुळात वर्णनाच्या पायावर उभा आहे. इतिहासाच्या प्रकरणात शिरले की मात्र कालक्रम सुरू होतो. म्हणून ‘हा उतारा कोणत्या प्रकारचा?’ हा परीक्षेतला प्रश्न अपुरा आहे. ‘या परिच्छेदाचे वरच्या परिच्छेदाशी नाते काय?’ असे विचारले, तर मूल खरोखर मजकुरात शिरते.

मराठीतील खुणा

मांडणी ओळखण्यासाठी खूणशब्दांच्या याद्या दिल्या जातात : कारण, परिणामी, उलट, याउलट, प्रथम, शेवटी, उदाहरणार्थ. या याद्या उपयोगी आहेत, पण इंग्रजीच्या अध्यापनातून उचलल्यामुळे मराठीत अर्ध्यावर थांबतात. मराठीत सांधा बहुतेकदा सुट्या शब्दात नसतो, प्रत्ययात असतो. ‘-मुळे’, ‘-ल्याने’, ‘-साठी’, ‘-पेक्षा’, ‘-ल्यावर’ हे शब्दाच्या शेपटीला चिकटलेले असतात आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

सर्वांत फसवा प्रत्यय ‘-ऊन’. ‘पाणी देऊन घरी आला’ यात क्रम आहे. ‘पाणी तुंबून मुळे कुजली’ यात कारण आहे. ‘ठिबक बसवून पाणी वाचवले’ यात साधन आहे. ‘एवढा पाऊस पडून विहीर कोरडीच’ यात चक्क विरोध आहे. प्रत्यय एकच, नाती चार. ठरवायचे कसे, तर दोन्ही क्रियांचा अर्थ लावून. ‘म्हणून’चेही तसेच : ‘भाव पडला म्हणून माल रोखला’ हे कारण, ‘मुलांना कळावे म्हणून चित्र काढले’ हा हेतू, ‘जागल्या म्हणून राहिला’ ही भूमिका आणि ‘येतो म्हणून गेला’ हे बोलणे. ‘तर’ कधी अट घालतो (‘पाऊस आला तर पेरू’), कधी दोन गोष्टी समोरासमोर ठेवतो (‘रावेर-यावलकडे केळी, तर शिरपूरकडे कापूस’), कधी नुसता जोर देतो (‘मी तर आधीच सांगितले होते’).

ही बारकाई व्याकरणाच्या तासापुरती नाही. कापसावरील गुलाबी बोंडअळीची पत्रके खानदेशात गावोगाव वाटली जातात. अशा पत्रकात आधी ओळख असते : न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी. मग अंडी, अळी, कोष, पतंग हा जीवनक्रम. मग उपाय. उपायांत ओळ असते : कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांत) सलग ३ दिवस दर सापळ्यात रोज ८ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले, तर फवारणी करावी. येथे ‘तर’ अटीचा आहे. जो वाचक ही ओळ क्रम म्हणून वाचतो, त्याच्या डोक्यात ‘सापळे लावायचे, मग फवारायचे’ एवढेच उरते आणि पतंग मोजण्याचे कामच गळून पडते. फवारणी होते, गरज असो वा नसो.

त्याच पत्रकात शेवटी ‘फरदड घेऊ नये’ असते. सुटे वाचले, तर ते नुसते फर्मान वाटते. बोंडे वेचून झाल्यावर पुन्हा पाणी देऊन आणखी एक वेचणी मिळत असेल, तर शेतकरी ती का सोडेल? उत्तर त्या ओळीत नाही, वरच्या जीवनक्रमाच्या परिच्छेदात आहे : शेतात हिरवी बोंडे राहिली, तर अळीला खाद्य मिळत राहते आणि तिची साखळी पुढच्या हंगामापर्यंत तुटत नाही. क्रम म्हणून आलेला परिच्छेद खाली आलेल्या उपायाचे कारण होता. पत्रक लिहिणाऱ्याने हा सांधा उघड लिहायला हवा होता, हे खरे. पण तो लिहिलेला नसतानाही जोडता येणे, हेच मांडणी ओळखण्याचे खरे कसब.

घरची बोली

खानदेशातील पुष्कळ मुलांच्या घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली किंवा पावरी बोलली जाते आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. शब्द अडला तर मूल विचारते. सांधा अडला तर विचारत नाही, कारण काही अडले आहे हेच त्याला कळत नाही. येथे घरची बोली अडचण नसून हाताशी असलेले साधन आहे. ‘करून, जाऊन’ हे अहिराणीत ‘करीसन, जाईसन’ असे होते. तोच उतारा अहिराणीत सांगायला लावला, की मुलाला नाते ठरवावेच लागते : ही गोष्ट आधी झाली, की हिच्यामुळे झाली? पाठ करून उतारा म्हणता येतो, पण सांधा न कळता तो दुसऱ्या बोलीत सांगता येत नाही. मांडणी कळली की नाही हे तपासायला याहून सोपा मार्ग नाही. समासात पेन्सिलीने ‘कारण’, ‘पण’, ‘मग’ असे एकेक शब्द लिहीत जाणे हा दुसरा मार्ग, आणि तो मोठ्यांनाही चालतो.

जुन्या लेखनातील मांडणी

मांडणीकडे पाहत वाचणे आपल्याकडे नवे नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणात ३२ तंत्रयुक्ती, म्हणजे ग्रंथरचनेच्या युक्त्या, सांगितल्या आहेत. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे अधिकरण म्हणजे एका प्रश्नाची चर्चा; तीत विषय, संशय, पूर्वपक्ष (खोडायचे मत), सिद्धांत असे टप्पे असतात. ते न ओळखता वाचणारा पूर्वपक्षालाच ग्रंथकाराचे मत समजून बसतो. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच शास्त्रपरंपरेत शिकलेले. त्यांचा जन्म १९०१ मध्ये धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा.

धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. मोडी कागद वाचणाऱ्यांना मांडणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या पत्रात आधी लांबलचक मायना, मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे’, आणि मग ‘विशेष’ हा शब्द. सरावलेला वाचक थेट ‘विशेष’वर नजर टाकतो, कारण मजकूर तेथून सुरू होतो. पुढे समोरच्याच्या पत्रातला मजकूर सांगून ‘म्हणोन लिहिले’ येते आणि लगेच ‘ऐसियास’. ‘ऐसियास’च्या अलीकडचे बोलणे दुसऱ्याचे, पलीकडचे पत्रलेखकाचे. हा एक शब्द चुकला, की एकाची तक्रार दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि इतिहास उलटा लिहिला जातो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात तर सांधा भाषेनेच दाखवला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा हा लेख. राजवंशांची थोरवी, भास्कराचार्यांचे कुळ, मठाची स्थापना हे सारे संस्कृतात आहे. शेवटी मठाला बाजारातून काय मिळायचे हे सांगायची वेळ येते, तेव्हा लेख मराठीत शिरतो : विकायला येणाऱ्या मालावरचा कर मठाला, आणि चालत्या घाण्यांमागे पळी-पळी तेल.