‘माधवराव’मधला राव आणि ‘काय राव’मधला राव

मराठी नव्याने शिकणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं की ‘राव’ हा आदरार्थी शब्द आहे. मग ते बिचारे ऑफिसात साहेबांना ‘हो राव, पाठवतो’ म्हणतात आणि साहेबांच्या भुवया का चढल्या ते त्यांना कळत नाही.

नावाला जोडलेला राव सगळ्यांना माहीत आहे. बाजीराव, मल्हारराव, यशवंतराव. पंत हा त्याचाच शेजारी, पण तो बहुतेक ब्राह्मणी नावांना चिकटला. राव कोणत्याही जातीत चालला. आजच्या मुलांच्या नावांमागे तो एरवी लागत नाही, पण लग्न ठरलं की अमितचा अमितराव होतो. सासूबाई ‘अमितराव, अजून एक पोळी घ्या’ म्हणतात आणि उखाण्यात बायको ‘अमितरावांचं नाव घेते’ म्हणते. घरच्यांसाठी मात्र तो अम्याच राहतो.

खरा घोळ दुसऱ्या रावाचा आहे. ‘काय राव’, ‘जाऊ दे राव’, ‘भारीच की राव’ यांतल्या रावात आदराचा लवलेश नाही. ओळखायची खूण सोपी आहे: राव काढून टाका आणि क्रियापदाकडे बघा. ‘माधवराव आले’मधला राव काढला तर ‘माधव आला’ म्हणावं लागतं, म्हणजे तो वाक्यावर हुकूम चालवत होता. ‘चल ना राव’मधला काढला तरी ‘चल ना’ तसंच राहतं. तिथे फक्त आर्जव कमी होतं.

हा सुटा राव ‘रे’सारखाही नाही. ‘रे’ पुरुषाला, ‘गं’ बाईला, ‘हो’ मोठ्यांना. रावाला हा भेद नाही. ‘ऐक ना राव’ मुलगी मैत्रिणीलाही म्हणते, आणि अरे-तुरे नसलेल्या सहकाऱ्याला ‘बसा ना राव’ही चालतं. पण बरोबरी हवी आणि थोडी सलगी हवी. सासऱ्यांना नाही, वरिष्ठांना नाही. त्याला विभक्ती लागत नाही, आणि वाक्याच्या तोंडाशी तो सहसा येत नाही. ‘राव, इकडे या’ म्हटलं तर राव आडनावाचा माणूस वळून बघेल. तक्रार, कौतुक, विनवणी, वैताग यांतलं काय आहे ते सूर ठरवतो. म्हणून इंग्रजी सबटायटलमध्ये ‘काय राव’चं ‘What, Mr. Rao’ केलेलं दिसलं की टीव्ही बंद करावासा वाटतो.

लिहिताना पहिला राव जोडून, दुसरा तोडून. ‘माधव राव’ असं तोडलं की राव आडनाव होतं. दाखल्यावर ‘यशवंतराव’ आणि दुसऱ्या कागदावर ‘यशवंत राव’ असेल तर फॉर्म भरणारा ‘राव’ला वेगळं नाव समजून वडिलांच्या नावाच्या रकान्यात टाकतो आणि मग नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच सगळीकडे ठेवावं.

विभक्तीतही गडबड होते. माणसाला मान द्यायचा तर माधवरावांनी, माधवरावांना, अनुस्वारासकट. जुने इतिहासकार ‘बाजीरावाने’ लिहीत, तो एकेरी उल्लेख असला तरी व्याकरणाने शुद्ध आहे. ‘बाजीरावने’ मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही, ते हिंदीचं वळण. ‘रंकाचा राव’ आणि ‘गाव करी ते राव न करी’ यांतला राव म्हणजे राजा. तो एकवचनीच, म्हणून ‘रावाचा रंक’ अनुस्वाराशिवाय.

रावसाहेब आणि साहेबराव यांत फारसं काही नाही. पहिला इंग्रजी अमदानीतला किताब, रावबहादूरच्या खालचा, आणि पुढे नाव म्हणूनही रुळलेला. दुसरं सरळ नावच.

फ्लेक्सवर ‘मा. श्री. अमुकरावजी साहेब’ लिहिणाऱ्यांना मात्र माफी नाही. मा., श्री., राव, जी आणि साहेब, एका माणसाला पाच. राव लावला की जी कशाला?