रापा नुईने आत्मघात केला नाही

माणसाला मनासारखं वागू दिलं की तो आपसांत भांडून स्वतःचाच नाश करतो, हे पटवायला प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाचा, म्हणजेच रापा नुईचा दाखला हमखास देतात. मोआई नावाचे अजस्र दगडी पुतळे घडवून हलवायच्या हौसेपायी लोकांनी सगळी झाडं तोडली, मग उपासमार आली, यादवी माजली आणि १६००च्या दशकात समाज कोसळला, अशी ती कथा.

यातलं झाडांचं खरं आहे. ताडासारख्या वृक्षांचं जंगल संपलं. मात्र त्यात बिया फस्त करणाऱ्या उंदरांचाही हात होता. पण जंगल गेलं म्हणून माणसं संपली नाहीत. शेतात दगड पसरून, ओल धरून ती रताळी पिकवत राहिली. १७२२ मध्ये डच दर्यावर्दी रोगेवेन पोचला तेव्हा बेट नांदतं होतं. (गोळ्या झाडून दहा-बारा जणांना मारलं ते त्याच्याच माणसांनी!) भाल्याची पाती समजली गेलेली 'माताआ' ही काचदगडाची हत्यारंही बहुधा कापण्या-खरवडण्याची होती. २०२४ मध्ये जुन्या सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६००च्या दशकातल्या लोकसंख्येच्या घसरणीचा मागमूस नाही.

घात झाला तो पुढे. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसं पळवली. जे थोडे परत आले, त्यांच्याबरोबर देवीच्या रोगाची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर उरले होते १११ जण.