हू चुनह्वा यांची शिडी कुठे अडली?

हू चुनह्वा हे चिनी कम्युनिस्ट पक्षाचे नेते. एप्रिल १९६३ मध्ये हूपै प्रांतातल्या एका डोंगराळ तालुक्यात जन्म, सोळाव्या वर्षी थेट पेकिंग विद्यापीठात प्रवेश. १९८३ मध्ये पदवी हातात पडल्यावर त्यांनी राजधानीतली नोकरी सोडून स्वतःहून तिबेट मागून घेतलं. मधला काही काळ वगळता पुढची वीसेक वर्षं तिथेच गेली. त्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटली: युवक लीगचं, म्हणजे पक्षाच्या तरुणांच्या संघटनेचं प्रमुखपद, हपै प्रांताचं गव्हर्नरपद, २००९ मध्ये इनर मंगोलियाचे पक्ष सचिव आणि २०१२ मध्ये, पन्नाशीच्या आत, पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वांत वरच्या नेत्यांच्या मंडळात. (प्रांतात खरा धनी पक्ष सचिव असतो, गव्हर्नर त्याच्या खालचा.) पुढे क्वांगतुंग, म्हणजे देशातली सर्वांत मोठी प्रांतिक अर्थव्यवस्था, त्यांच्या हाती आली.

अशी बढती नेमकी कशाने मिळते? राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना चीन ही जणू तयार प्रयोगशाळाच वाटते. प्रांत पुष्कळ, नेमणारा हात एकच आणि पदांची उतरंड सगळीकडे सारखी. त्यामुळे कोण चढलं नि कोण घसरलं, हे आकड्यांत मांडता येतं.

ली हाँगबिन आणि चौ ली-आन यांनी १९७९ ते १९९५ या काळातले २८ प्रांतांचे नेते तपासले. ज्याच्या प्रांताची आर्थिक वाढ चांगली, त्याला बढतीची शक्यता जास्त आणि पद जाण्याची भीती कमी, असं २००५ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात दिसलं. ही ‘बढतीची स्पर्धा’ चीनच्या भरभराटीचं इंजिन आहे, हा विचार त्यानंतर चांगलाच रुजला.

पण ज्या आकड्यावर साहेबाची बढती ठरते, तो आकडा साहेबाच्याच कचेरीत तयार होत असेल तर? २००७ मध्ये ल्याओनिंगचे पक्ष सचिव असलेले ली खछ्यांग अमेरिकी राजदूताला म्हणाले होते की जीडीपीचे आकडे माणसांनी बनवलेले असतात. त्याऐवजी आपण स्वतः वीजवापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो, असंही त्यांनी सांगितलं. दहा वर्षांनी त्याच प्रांताने आकडे फुगवल्याची जाहीर कबुली दिली. ली तोवर देशाचे पंतप्रधान झाले होते.

२०१२ मध्ये व्हिक्टर शी आणि सहकाऱ्यांनी पक्षाच्या केंद्रीय समितीत, म्हणजे वरिष्ठ नेत्यांच्या मोठ्या मंडळात, कोणाचा क्रमांक कितवा याचा हिशेब मांडला. तिथे आर्थिक वाढीचा प्रभाव सापडलाच नाही. सापडले ते वरच्या नेत्यांशी असलेले लागेबांधे, शिक्षण आणि प्रांताची महसूलवसुली. मग आधीचा निबंध चुकला का? मला तसं वाटत नाही. पिएर लांद्री आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जिल्हा-तालुक्यांपर्यंत खाली उतरून पाहिलं, तेव्हा खालच्या पायऱ्यांवर कामगिरीला जास्त वजन असल्याचं दिसलं. वर जावं तसं ते घटत जातं. साहजिकच आहे. तालुक्याचा सचिव कोणाच्या सिंहासनाला धोका नसतो. पॉलिटब्युरोतला असू शकतो.

हू चुनह्वा यांच्यावर वरदहस्त होता हू जिंताओ यांचा. दोघांचं नातं काही नाही, पण दोघेही तिबेट आणि युवक लीगच्या वाटेने आलेले. जिंताओ २०१२ मध्ये पक्षाच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. चुनह्वांबरोबरच पॉलिटब्युरोत आलेले आणि त्याच वर्षी जन्मलेले सुन चंगचाय २०१७ मध्ये चौकशीत अडकले आणि पुढच्या वर्षी लाचखोरीसाठी जन्मठेपेवर गेले. चुनह्वा उपपंतप्रधान झाले खरे, पण ऑक्टोबर २०२२ च्या पक्ष अधिवेशनात, ५९व्या वर्षी, पॉलिटब्युरोतून गळले.

त्याच अधिवेशनात ली छ्यांग एकदम पक्षात दुसऱ्या क्रमांकावर गेले. ते शांघायचे पक्ष सचिव होते. त्यांच्या कोविड टाळेबंदीने शहर सुमारे दोन महिने कोंडलं होतं आणि २०२२ च्या दुसऱ्या तिमाहीत शांघायचा जीडीपी आदल्या वर्षीपेक्षा १३.७ टक्क्यांनी आपटला होता. मात्र २०१२ पासून पक्षाचे प्रमुख असलेले शी चिनफिंग (जिनपिंग) पूर्वी चच्यांग प्रांताचे पक्ष सचिव असताना, तिथल्या पक्ष समितीचे महासचिव हेच ली होते. मार्च २०२३ मध्ये ते पंतप्रधान झाले.