कलम २४१ की २४५? भागधारकानं आधी हे ठरवावं

नागपुरात कंपनीतल्या भांडणाचा विषय निघाला की हल्ली ‘क्लास अ‍ॅक्शन टाकू’, म्हणजे अनेक भागधारकांच्या वतीनं एकच सामूहिक दावा करू, हे हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा हवा असतो तो वेगळाच अर्ज. कंपनी कायदा, २०१३ मधली कलम २४१ आणि २४५ जवळजवळची. दोन्हींसाठी सिव्हिल लाइन्सचं कोर्ट चालत नाही, एनसीएलटीचं (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) मुंबई खंडपीठच गाठावं लागतं. गल्लत तिथूनच सुरू होते.

समजा, बुटीबोरीत सात भागधारकांची घरगुती प्रायव्हेट लिमिटेड आहे. धाकट्याकडे १२ टक्के. थोरल्यांनी राइट्स इश्यू काढला, म्हणजे आहे त्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले, त्याचं पत्र मुद्दाम जुन्या पत्त्यावर धाडलं, मुदत उलटली आणि धाकटा ७ टक्क्यांवर आला. वर संचालकपदही गेलं. हे प्रकरण २४१ चं, म्हणजे दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाचं. ‘१० टक्के भांडवल लागतं’ असं कुणीतरी सांगतं आणि माणूस गप्प बसतो. पण कलम २४४ पूर्ण वाचा: १०० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यांतला कमी आकडाही चालतो. सातांचा एक दशांश एकसुद्धा भरत नाही, म्हणजे धाकटा एकटा अर्ज करू शकतो. शिवाय ही अट माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून काढलेल्या सायरस मिस्त्रींच्या गटाला टाटा सन्सविरुद्ध २०१७ मध्ये अपिलात तशी माफी मिळाली होती.

त्याच वादात २०२१ साली सुप्रीम कोर्टानं मात्र सांगितलं, की नुसतं पदावरून काढणं म्हणजे दडपशाही नव्हे. म्हणून धाकट्यानं गेलेल्या खुर्चीपेक्षा घटलेल्या हिश्श्यावर भर द्यावा. शेअरवाटप रद्द करणं किंवा त्याचे शेअर विकत घ्यायला लावणं, असे आदेश कलम २४२ खाली मिळू शकतात.

क्लास अ‍ॅक्शनचं कलम म्हणजे २४५. त्यामागे सत्यम या आयटी कंपनीची जखम आहे. २००९ मध्ये तिचा हिशेबांतला घोटाळा फुटल्यावर अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांच्या सामूहिक दाव्यात कंपनीनं १२.५ कोटी डॉलर मोजले; इथल्या भागधारकांना तशी वाटच नव्हती. ती २०१६ मध्ये खुली झाली, पण किमान हिश्श्याचे आकडे ठरायला २०१९ उजाडलं. लिस्टेड कंपनीत २ टक्के, इतर कंपनीत ५ टक्के भांडवल. नाहीतर १०० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या ५ टक्के, यांत जे कमी ते. ठेवीदारांनाही दावा करता येतो. बँकांना हे कलम लागू नाही. खरी ताकद भरपाईत आहे: कंपनी आणि संचालकांबरोबर ऑडिटर आणि सल्लागारांकडूनही ती मागता येते, आणि निकाल सगळ्या सदस्यांना बांधतो.

सीताबर्डीतल्या दोनशे शेअरवाल्याला २ टक्के कुठून जमणार? त्यानं आणखी ९९ जण शोधायचे, कारण २४४ सारखी माफी २४५ मध्ये ठेवलेलीच नाही. छोट्या गुंतवणूकदारावर हा अन्याय आहे आणि संसदेनं ती तरतूद आता करायलाच हवी.