क्लाउड गेमिंग आणि गेमची वर्गणी: गेम कुठे चालतो आणि त्यावर हक्क कोणाचा

कन्सोल विकत न घेता मोठे गेम खेळण्याचा विषय निघाला की क्लाउड गेमिंग (म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळणे) आणि गेमची मासिक वर्गणी या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकच मानल्या जातात. हा समज सहज होण्यासारखा आहे, कारण कंपन्यांनीच या दोन्ही गोष्टी एका योजनेत आणि एका नावाखाली एकत्र बांधून दिल्या आहेत. तरीही त्यांचे स्वरूप वेगळे आहे. गेम प्रत्यक्षात कोणत्या यंत्रावर चालतो, हा क्लाउड गेमिंगचा प्रश्न आहे. तो खेळण्याचा हक्क कोणत्या अटींवर आणि किती काळ मिळतो, हा वर्गणीचा प्रश्न आहे. पहिला तांत्रिक आहे आणि दुसरा कराराचा. दोन्ही एकत्र केल्याचा परिणाम असा होतो की, ज्याचे इंटरनेट मध्यम दर्जाचे आहे तो माणूस वर्गणी आपल्या कामाची नाही असे समजून बसतो, आणि ज्याने क्लाउडवरचा गेम पूर्ण किंमत देऊन विकत घेतला आहे तो गेम आपल्याकडे कायम राहील, असे गृहीत धरतो. दोघांचेही नुकसान होते.

मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचे उदाहरण घेतले तर गोंधळाचे मूळ दिसते. जून 2017 मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात स्ट्रीमिंग नव्हते. महिन्याची वर्गणी भरायची, यादीतला गेम आपल्या कन्सोलवर डाउनलोड करायचा आणि तिथेच खेळायचा, एवढाच तिचा व्यवहार होता. तिच्या अल्टिमेट या योजनेत क्लाउड गेमिंग आले ते 15 सप्टेंबर 2020 रोजी. त्यानंतर एकाच यादीतला एकच गेम एका बटणाने डाउनलोड होऊ लागला आणि दुसऱ्या बटणाने मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधून थेट फोनवर दिसू लागला. सोनीच्या प्लेस्टेशन नाऊ या सेवेचा प्रवास उलट दिशेने झाला. ती स्ट्रीमिंगची सेवा म्हणून सुरू झाली, 2018 मध्ये तिच्यात डाउनलोडची सोय आली आणि 2022 मध्ये ती प्लेस्टेशन प्लसमध्ये विलीन झाली. दोन्ही कंपन्या दोन टोकांवरून निघून एकाच ठिकाणी पोहोचल्या. आज योजनेचे पान वाचणाऱ्याला फक्त ते एक ठिकाण दिसते.

क्लाउड गेमिंगमध्ये एक बटण दाबल्यावर काय काय घडते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कंट्रोलरचा संदेश आधी फोनकडे किंवा टीव्हीकडे, तिथून राउटरकडे आणि मग शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरकडे जातो. तिथे चालू असलेला गेम तो संदेश वाचतो, पुढचे चित्र तयार करतो, त्या चित्राचे व्हिडिओत रूपांतर करून ते दाबून लहान करतो आणि परत पाठवतो. खेळणाऱ्याकडचे उपकरण तो व्हिडिओ उलगडते आणि पडद्यावर दाखवते. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो; म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल आणि वाट अगदी सरळ असेल, तरी केवळ जाण्यायेण्यात 10 मिलिसेकंद खर्च होतात. प्रत्यक्षात वाट सरळ नसते आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ जातो. घरच्या कन्सोलवरही बटण आणि पडदा यांच्यात काही उशीर असतोच. क्लाउडमध्ये त्या उशिरावर व्हिडिओ दाबण्याचा, वाहून आणण्याचा आणि उलगडण्याचा वेळ चढतो. गूगलने स्टेडिया या आपल्या क्लाउड गेमिंग सेवेचा कंट्रोलर वाय-फायवरून थेट डेटा सेंटरशी जोडला होता, तो याच कारणाने: मधला एक टप्पा कमी झाला तर काही मिलिसेकंद वाचतील, असा त्यामागचा हिशेब होता.

चित्रपटाच्या स्ट्रीमिंगचा अनुभव इथे दिशाभूल करतो. चित्रपट आधीच तयार असतो, त्यामुळे पुढचा भाग आगाऊ मागवून ठेवता येतो आणि नेटवर्क मध्येच अडखळले तरी पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. गेमचे पुढचे चित्र खेळणाऱ्याने बटण दाबेपर्यंत अस्तित्वातच नसते, म्हणून साठा करून ठेवण्याची सोय नाही. त्यामुळे क्लाउड गेमिंगसाठी केवळ वेग पुरत नाही, वेगात सातत्य लागते. स्पीड टेस्टमध्ये मोठा आकडा दाखवणारे कनेक्शनसुद्धा दर काही सेकंदांनी क्षणभर अडकत असेल तर गेम खेळण्यालायक राहत नाही. उलट मध्यम वेगाचे पण स्थिर कनेक्शन, विशेषतः उपकरण केबलने राउटरला जोडलेले असेल तर, चांगले काम देते. एन्व्हिडियाची जीफोर्स नाऊ ही सेवा 720पी चित्रासाठी किमान 15 आणि त्याहून बारीक 1080पी चित्रासाठी किमान 25 एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद) वेग मागते. 1080पी चे 60 चित्रे प्रतिसेकंदाचे न दाबलेले चित्रण सेकंदाला सुमारे 3 गिगाबिट जागा घेईल. म्हणजे ते शंभराहून अधिक पटींनी दाबल्याशिवाय घरापर्यंत येऊच शकत नाही. या दाबण्याची किंमत चित्राच्या दर्जात मोजावी लागते. संथ दृश्यात ती दिसत नाही. पाऊस, हलणारे गवत किंवा काळोखी गुहा पडद्यावर आली की चौकोनी ठिपके दिसू लागतात.

आता यातली कोणती अडचण निव्वळ वर्गणीला लागू होते? एकही नाही. वर्गणीतला गेम डाउनलोड करून खेळला तर तो आपल्याच यंत्रावर चालतो. त्याचा उशीर आणि चित्राचा दर्जा विकत घेतलेल्या गेमइतकाच असतो. शंभर जीबीचा गेम उतरवायला मंद कनेक्शनवर रात्र गेली तरी खेळताना त्याचा काही संबंध राहत नाही. ऑनलाइन सामने सोडले तर नंतर इंटरनेट लागते ते वर्गणी चालू आहे की नाही, हे अधूनमधून तपासण्यापुरते. मात्र इथे यंत्र आपले असावे लागते. ‘कन्सोलची गरज नाही’ हे वाक्य क्लाउड गेमिंगच्या बाबतीत खरे आहे. वर्गणीच्या बाबतीत ते आपोआप खरे ठरत नाही.

डेटाचा हिशेबही या दोघांत पूर्ण वेगळा लागतो. 25 एमबीपीएस वेगाने तासभर खेळले तर सुमारे 11.25 जीबी डेटा खर्च होतो. म्हणजे शंभर जीबीचा गेम एकदा डाउनलोड करायला जेवढा डेटा लागतो, तेवढा स्ट्रीमिंगमध्ये साधारण नऊ तासांत संपतो. साठ तासांची मोठी कथा असलेला गेम अशा रीतीने पुरा केला तर 675 जीबी डेटा वापरला जाईल. एखादा गेम अर्धा तास चालवून आवडतो का ते पाहायचे असेल, तर मात्र स्ट्रीमिंग डेटा वाचवते आणि वेळही वाचवते. माझ्या मते, सामान्य खेळणाऱ्यासाठी क्लाउडचा आजचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.

हक्काच्या बाजूला आलो की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते, कारण स्ट्रीमिंग आणि वर्गणी यांची जोडी अटळ नाही. स्टेडियावर स्टेडिया प्रो ही वर्गणीची योजना होती, पण बहुतेक गेम एकेक करून पूर्ण किमतीला विकत घ्यायचे असत आणि ते चालत फक्त गूगलच्या सर्व्हरवर. निन्टेन्डो स्विचवर कंट्रोल आणि हिटमॅन 3 यांच्या क्लाउड आवृत्त्या अशाच विकल्या गेल्या: हातात कन्सोल, गेमचे पैसे भरलेले, तरीही गेम दूर कुठेतरी चालणारा. जीफोर्स नाऊचा प्रकार याहून निराळा आहे. तिथे गेम मिळत नाही, यंत्र भाड्याने मिळते. गेम आपण स्टीमसारख्या डिजिटल दुकानातून आधीच घेतलेला असावा लागतो. म्हणजे विकत घेतलेला गेम स्ट्रीम होऊ शकतो आणि वर्गणीतला गेम घरच्या यंत्रावर चालू शकतो. सेवा बंद पडल्यावर हाती काय उरते, याचे उत्तर या जोड्यांवर अवलंबून असते.

स्टेडियाची सुरुवात 19 नोव्हेंबर 2019 रोजी झाली आणि 18 जानेवारी 2023 रोजी ती बंद झाली. गूगलने आपल्या दुकानातून विकलेल्या उपकरणांचे आणि स्टेडियावर घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, स्टेडिया प्रोची वर्गणी मात्र परत केली नाही. पैसे परत देणे ही गूगलने दाखवलेली चांगली वर्तणूक होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण गेम गेले ते गेलेच, आणि ज्यांची प्रगती दुसऱ्या ठिकाणी नेता आली नाही, त्यांचे खेळून झालेले तासही त्यांच्याबरोबर गेले. आउटकास्टर्स हा गेम केवळ स्टेडियासाठी बनला होता. सेवा बंद झाली त्या दिवशी तो सगळ्यांसाठीच संपला. त्याची डिस्क कोणाच्या कपाटात नाही, फाइल कोणाच्या हार्ड डिस्कवर नाही. स्ट्रीमिंगबद्दल मला सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण इथे नुकसान ग्राहकापुरते राहत नाही: एक तयार झालेली कलाकृती पुन्हा पाहता येण्याची शक्यताच मिटते.

याच्या शेजारी फेब्रुवारी 2020 मधली जीफोर्स नाऊची घटना ठेवून पाहावी. सेवा चाचणीच्या अवस्थेतून बाहेर येताच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने आणि पाठोपाठ बेथेस्डाने, या गेम प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांनी, आपले बहुतेक गेम तिथून काढून घेतले. खेळणाऱ्यांचा संताप योग्य होता, कारण त्यांनी ते गेम रीतसर विकत घेतलेले होते. तरी त्यांचे गेम त्यांच्या खात्यात शाबूत राहिले आणि पुरेसा सक्षम संगणक असलेल्याला ते आधीसारखेच खेळता आले. त्यांनी गमावले ते भाड्याचे यंत्र. गेम गमावला नाही.

वर्गणीतला गेम यादीतून निघून जातो तेव्हा तिसराच प्रकार घडतो. फाइल आपल्या डिस्कवर तशीच असते, जागाही अडवत राहते, पण गेम उघडत नाही. आपली सेव्ह फाइल सहसा टिकून राहते आणि तोच गेम त्याच दुकानातून विकत घेतला तर खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. त्यामुळे एखादा लांबलचक गेम वर्गणीत सुरू करणारा माणूस स्टेडियाच्या ग्राहकापेक्षा बऱ्याच सुरक्षित जागी उभा असतो, जरी त्याने त्या गेमसाठी वेगळा रुपया मोजलेला नसला तरी.

विकत घेणे म्हणजे तरी पूर्ण मालकी, असे डिजिटल दुकानात म्हणता येत नाही. तिथे बहुतेक वेळा परवाना विकला जातो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार दुकानाला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. कायमचा डाउनलोड करून इंटरनेटशिवाय वापरता येणाऱ्या वस्तूंना त्यातून वगळले आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने द क्रू या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद केले तेव्हा ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईनासा झाला.

गेम विकण्याचा हक्क आणि तो स्ट्रीम करण्याचा हक्क या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, हे नियामकांनी ग्राहकांच्या आधी ओळखले. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेण्याचा व्यवहार ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल 2023 मध्ये अडवला, तो क्लाउड गेमिंगच्या बाजारातील स्पर्धेच्या मुद्द्यावरच. पुढे ॲक्टिव्हिजनच्या तेव्हाच्या आणि त्यापुढील 15 वर्षांत येणाऱ्या गेमचे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउड हक्क युबिसॉफ्टला देण्याचे ठरले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये व्यवहार पार पडला. गेम एका कंपनीचे आणि त्यांच्या स्ट्रीमिंगचे हक्क दुसरीचे, अशी विभागणी त्यातून प्रत्यक्षात आली.

सेवेच्या खर्चाचे गणितही वेगळे आहे. क्लाउडवर खेळणारा प्रत्येक जण त्या वेळेपुरता दूरच्या एका यंत्राचा वाटा अडवून बसतो. म्हणून जीफोर्स नाऊच्या मोफत योजनेत एका वेळी एकच तास मिळतो, आणि सशुल्क सदस्यांसाठीही महिन्याला 100 तासांची मर्यादा आली. डाउनलोडच्या वर्गणीत वीज आणि यंत्र खेळणाऱ्याचे असते, तेव्हा तासांची मर्यादा घालण्याचे कारणच उरत नाही. गेममध्ये स्वतः किंवा इतरांनी केलेले बदल, ज्यांना खेळणारे मॉड म्हणतात, तेही प्रामुख्याने डाउनलोडच्याच बाजूचे आहेत. स्ट्रीमिंगमध्ये गेमच्या फाइल हाताशीच नसतात.

रिमोट प्ले हा आणखी एक प्रकार यांच्यात मिसळला जातो. त्यात आपलाच घरचा कन्सोल गेम चालवतो आणि चित्र फक्त फोनवर किंवा दुसऱ्या पडद्यावर पाठवतो. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेले सोनीचे प्लेस्टेशन पोर्टल हे हातात धरायचे उपकरण सुरुवातीला एवढेच करू शकत होते. क्लाउडवरून खेळण्याची सोय त्यात वर्षभराने चाचणी स्वरूपात आली.

कोणाला काय घ्यावे, हे यंत्र आहे की नाही आणि आवडते गेम कोणते आहेत, यांवर ठरवावे. पाळीपाळीने चाल करायचे डावपेचाचे गेम, कोडी आणि संथ कथाप्रधान गेम क्लाउडवर उत्तम चालतात, कारण तिथे पन्नास मिलिसेकंदांचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. तालावर बटण दाबायचे किंवा समोरासमोर लढतीचे गेम मनापासून खेळणाऱ्याने क्लाउडवर विसंबून राहू नये. कन्सोल किंवा बरा संगणक आधीच असेल तर डाउनलोडची वर्गणी जास्त समाधान देते. यंत्र नसेल आणि आधी क्लाउड अजमावून पाहायचे असेल तर एखाद्या सेवेची मोफत योजना घ्यावी, आपण ज्या वेळी खेळतो त्याच वेळी, घरातली इतर माणसे नेट वापरत असताना आणि आपल्या नेहमीच्या जागेवरून तासभर तोच गेम खेळून पाहावा, आणि मग वर्गणी भरावी.